'लुचाई'ची चोरलेली प्रत

माझ्या कपाटात भयकथाकार नारायण धारपांच्या 'लुचाई' या कादंबरीची एक प्रत आहे आणि ती माझी नाही. मिरजेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खासगी वाचनालय होतं. त्याचा जांभळा शिक्का आत तीन ठिकाणी अजून स्वच्छ वाचता येतो. अकरावीत असताना आणली, परत द्यायची राहिली, मी पुण्याला आलो आणि पुढे कधीतरी वाचनालयाच्या जागी मोबाइलचं दुकान झालं. दिवसाला चार आणे दंड धरला तर आजवर अडीच हजारांच्या वर होतात. घ्यायला कुणी नाही म्हणून मी प्रामाणिक आहे.

तर त्या प्रतीच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय, "रात्री एकट्याने वाचू नये." त्याखाली वेगळ्या अक्षरात, "वाचली. वरील सूचना योग्य आहे." आणि त्याखाली निळ्या शाईत, वळणदार अक्षरात नुसतंच, "अनुमोदन." धारपांवर याहून नेमकं परीक्षण माझ्या वाचनात आलेलं नाही.

वाचनालयाचे दोन भाग होते. पुढे काचेची कपाटं, त्यात पारितोषिकवाल्या कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं. मागे भिंतीला लागून लोखंडी रॅक, त्यावर खाकी कव्हरं घातलेली, कण्यावर शाईने नावं लिहिलेली पुस्तकं. वाचनालय चालवणाऱ्या काकांचा नियम असा की मागच्या रॅकवरचं एक हवं असेल तर पुढच्या कपाटातलं एक सोबत न्यायचंच. याला ते 'पथ्य' म्हणायचे. त्यामुळे मराठीतल्या कितीतरी थोर कादंबऱ्या आमच्या घरी दोन-दोन रात्री मुक्कामाला येऊन न उघडता परत गेल्या. (त्यातल्या काही पुढे वाचल्या. चांगल्या आहेत, तक्रार नाही.) पण एक गोष्ट त्या वयातही दिसत होती. काचेआडची पुस्तकं कोरी करकरीत असायची आणि मागच्या रॅकवरच्या पुस्तकांना दोन-दोनदा बाइंडिंग केलेलं असायचं. वाचनालयाचं भाडं कोण भरतंय ते दोऱ्याच्या शिलाईवरून कळायचं.

मागच्या रॅकवर मुख्यतः रहस्यकथा. बाबुराव अर्नाळकरांची पुस्तकं हजाराच्या वर. गोव्याच्या गुरुनाथ नाईकांचीही हजाराच्या पुढे. त्यांचे नायक झुंजार, काळापहाड, गोलंदाज, कॅप्टन दीप. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास. ही नावं काढली की पन्नाशीच्या पुढचा माणूस खुलतो, दहा मिनिटं भरभरून बोलतो आणि मग एकदम भानावर आल्यासारखा हात झटकून म्हणतो, "वेड होतं रे तेव्हा. साहित्य म्हणून काही नाही त्यात." ते हात झटकणं मला आता सहन होत नाही. आजची ही पोस्ट त्यावरच आहे.

कारण हे हात झटकणं फक्त वाचकाचं नाही. जयंत नारळीकरांचंच घ्या. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती टोपणनावाने, ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी करून: नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं. पुढे चाळीस वर्षं ते विज्ञानकथा लिहीत राहिले, पोरांच्या दोन पिढ्या त्या वाचून मोठ्या झाल्या. साहित्य अकादमीने २०१४ साली त्यांना पुरस्कार दिला तो आत्मचरित्राला. आत्मचरित्र सुरेख आहे, वादच नाही. पण मला तिथे वाचनालयातल्या काकांचा नियम आठवला. पुढच्या कपाटात जागा हवी तर पुढच्या कपाटातलंच काहीतरी लिहावं लागतं. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, तेवढी एक काच जरा सरकली म्हणायची.

आता मुद्द्यावर येतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये 'तुंबाड' हा भयपट पुन्हा थिएटरला लागला. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा मी पाहिला होता, दुपारच्या खेळाला, आजूबाजूला वीसेक माणसं. या वेळी रात्रीचा खेळ, थिएटर भरलेलं, आणि विशीतली पोरं पुढचा संवाद पडद्याच्या आधी म्हणत होती. पहिल्या खेपेला जेवढा गल्ला जमला त्यापेक्षा जास्त या दुसऱ्या खेपेला जमला. सहा वर्षं हा सिनेमा ज्यांनी जिवंत ठेवला ती ही पोरं. मोबाइलवर बघून, मित्राला बळेच दाखवून. व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाची सुरुवात याच सिनेमाने झाली होती, पण तिकिटं त्याने खपली नाहीत.

मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत मागचा एक जण त्याच्या मैत्रिणीला सांगत होता, "स्टोरी मराठी रायटरची आहे, कोणीतरी धारप. पण त्यानेसुद्धा स्टीफन किंगवरून ढापलीय." आणि दोघं हसले. मी पन्नास रुपयांची पाण्याची बाटली हातात घेऊन गप्प उभा राहिलो. तेव्हा जे बोललो नाही ते इथे लिहितो, म्हणजे तुम्हाला शिक्षा.

पोरगा सांगत होता ते खोटं नाही. अमेरिकन भयकथालेखक स्टीफन किंगची 'ग्रामा' नावाची गोष्ट आहे, १९८४ ची. अकरा वर्षांचा मुलगा. मोठ्या भावाचा पाय मोडला म्हणून आई इस्पितळात जाते. घरात हा एकटा आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली अवाढव्य आजी, जिच्याबद्दल घरात कुणी नीट बोलत नाही. धारपांनी त्यावरून 'आजी' लिहिली. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात सहलीला गेलेल्या राही अनिल बर्वेला, म्हणजे 'तुंबाड'च्या दिग्दर्शकाला, मित्राने धारपांची गोष्ट सांगितली आणि ती त्याच्या डोक्यातून गेली नाही. १९९७ मध्ये त्याने पहिला मसुदा लिहिला. आता 'तुंबाड'चा पहिला भाग आठवा: धाकटा भाऊ पडतो, त्याला घेऊन आई जाते, आणि विनायक घरात एकटा, आत साखळदंडाने बांधलेली आजी. मेन राज्यातल्या एका खेड्यातलं घर, तिथून धारपांचं पुणं, तिथून नागझिरा, तिथून कोकणातला धो धो पाऊस. सिनेमाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून. आणि दिग्दर्शक कोणाचा मुलगा? 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचा. म्हणजे या एका सिनेमात मागचा रॅक आणि पुढचं कपाट मांडीला मांडी लावून बसलेत.

ढापलीय म्हणून हसायचं तर खुशाल हसा, पण मग पुढचा प्रश्नही विचारा. ढापून केलं काय? आजीची भूक किंगच्या गोष्टीत नातवाच्या देहाची आहे. 'तुंबाड'मध्ये ती भूक सगळ्या घराण्याची होते, १९१८, १९३३, १९४७ अशी पिढ्यांतून उतरते, सोन्याच्या मोहरेत शिरते, आणि तिला पुरवायला लागतात कणकेच्या बाहुल्या. कणीक! कोकणातल्या अठराविश्वे दारिद्र्यात, हस्तर नावाच्या भुकेल्या दैवताला भुलवायला कणीक. हे कुठल्याही परदेशी गोष्टीत सापडायचं नाही.

धारपांचंही तसंच. 'लुचाई' किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली, 'शपथ' त्याच्या 'इट'वर, हे वाचणाऱ्यांना माहीत आहे. त्या काळात 'आधारित' हा शब्द आपल्याकडे फार सैल हाताने वापरायचे किंवा वापरायचेच नाहीत, आणि ते चुकीचंच होतं. मूळ लेखकाचं ऋण सांगायला कसली लाज? पण 'सेलम्स लॉट'सारखी रक्तपिपासूची गोष्ट मराठीत आणून बघा म्हणजे कळेल काम किती अवघड आहे. आपल्याकडे मुंजा आहे, हडळ आहे, खवीस, समंध, देवचार, चकवा, सगळं गणगोत आहे, पण थडग्यातून उठून रक्त पिणारा सरदार नाही. आपण जाळतो, थडगंच नाही! तिकडे क्रूस दाखवला की तो मागे हटतो, कारण शेकडो वर्षांची एक समजूत सगळ्या गावाच्या मनात आधीच आहे. इकडे क्रूस काढला की त्या भोकात काय बसवायचं? देवाची तसबीर बसवली तर गोष्टीची पौराणिक मालिका होते.

धारपांनी काय केलं ते समर्थ या त्यांच्या नायकाच्या कथांमध्ये सगळ्यांत स्पष्ट दिसतं. त्यांचा समर्थ हा जटाधारी मांत्रिक वाटत नाही, बोलतो एखाद्या अनुभवी इंजिनिअरसारखा. दुष्ट शक्ती आहे, ठीक. ती कुठून आत आली, तिला वाट कुणी दिली, तिचे नियम काय, तिची मर्यादा कुठे संपते. धारपांनी रसायन तंत्रज्ञानाची पदवी घेतली होती आणि मला ती त्यांच्या वाक्यांत दिसते. विशेषणं मोजकी. किंकाळ्या कमी. आधी घराचा नकाशा नीट देणार: ओसरी, माजघर, जिना, जिन्याखालची खोली. चहा होणार, पेपर येणार, कुणाची तरी बदली होणार. आणि अशा आठ-दहा पानांनंतर एखादं वाक्य, की त्या खोलीचं दार काल बंद होतं. बस. आमच्या जुन्या घरात जिन्याखाली लाकडं ठेवायची खोली होती. तिथून लाकडं आणायचं काम मी पुढचे चार महिने धाकट्या बहिणीवर ढकललं. (ती ही पोस्ट वाचणार आहे. सॉरी.)

कौतुक करायचं म्हणजे दोषही मोजावेत, नाहीतर ते आंधळं प्रेम. समर्थ आला की माझी भीती निम्मी होते, कारण तो हरणार नाही हे मला ठाऊक असतं. बायका बहुतेक वेळा कुणाला तरी वाचवायला लागावं म्हणून आलेल्या. काही शेवट असे घाईत गुंडाळलेले की छापखान्याचा माणूस दारात उभा होता की काय असं वाटावं. शंभराच्या वर पुस्तकं लिहिली तर हे होणारच. पण हे दोष मला कळले ते पुस्तकं गंभीरपणे वाचली म्हणून. 'टाइमपास आहे' म्हणणारा हे दोषसुद्धा काढू शकत नाही.

आणि मला हल्लीच्या 'कल्ट' या शब्दाचीही थोडी धास्ती वाटते. परवापर्यंत ज्याला टुकार म्हणायचो त्याला एकदम कल्ट म्हणायचं, टी-शर्ट छापायचा आणि काम संपलं. 'झपाटलेला'चं असंच झालं. तात्या विंचूचे मीम सगळ्यांकडे आहेत. बाहुल्यात शिरलेला गुन्हेगार ही कल्पना अमेरिकन सिनेमातून आली हेही सगळ्यांना माहीत. पण १९९३ साली, संगणकाची करामत हाताशी नसताना, त्या बाहुल्याला चालवलं कुणी? रामदास पाध्यांनी, ज्यांच्या घराण्यात अर्धवटराव आहेत. तिकडचा बाहुला भीती दाखवतो. आपला तात्या विंचू दिलीप प्रभावळकरांच्या आवाजात खेकसतो, वैतागतो, लक्ष्याच्या मागे लागून दमतो. लक्ष्मीकांत बेर्डे एका लाकडी-रबरी वस्तूकडे बघून घाबरतात तेव्हा ती वस्तू जिवंत होते. ती अर्धी करामत पाध्यांच्या बोटांची आणि अर्धी बेर्ड्यांच्या डोळ्यांची. यावर कुणी दोन पानं धड लिहिलेली मला दाखवा. 'ओम फट् स्वाहा' म्हणून आपण मोकळे.

शिरवळकरांचं नशीब त्या मानाने बरं. ते २००३ मध्ये गेले, २०१३ मध्ये 'दुनियादारी'वर सिनेमा आला, २०२० मध्ये 'समांतर'वर वेबसीरिज आली आणि पोरं पुस्तकाच्या दुकानात नाव विचारू लागली. धारपही साकेत प्रकाशनाने नव्याने छापलेत, सहज मिळतात. पण गुरुनाथ नाईक? अर्नाळकरांची ती हजारभर पुस्तकं? त्यातली निम्मी रद्दीत गेली असणार, आणि रद्दीत देणारा बहुतेक वेळा तोच, जो दहा मिनिटं भरभरून बोलला होता.

म्हणून एक विनंती. कुणाच्या माळ्यावर, गावच्या घरी, ट्रंकेत कॅप्टन दीप किंवा झुंजारच्या जुन्या प्रती असतील तर टाकू नका. मला कळवा. पुण्यात असाल तर येऊन घेऊन जाईन, बाहेरगावी असाल तर कुरिअरचा खर्च माझा. पान दुमडणार नाही, कव्हर घालीन, आणि वाचून झाल्यावर वेळेत परत करीन.

शेवटच्या आश्वासनाबद्दल आधी माझ्या बहिणीला विचारून घ्या.