सतरा खोकी आणि वहीचं एक पान

2019 चा ऑगस्ट. सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं, पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद होता. इकडे सिंहगड रोडला आमच्या मेडिकलसमोर मंडळाच्या मुलांनी मांडव घातला आणि दोन दिवसांत औषधांची 17 खोकी जमली. "काका, तेवढं बघून द्या, रस्ता उघडला की टेम्पो काढायचाय," म्हणून त्यांनी ती दुकानात आणून ठेवली.

शटर अर्धं ओढून मी आणि बायको रात्री अडीचपर्यंत निवडत बसलो. दहाच्या स्ट्रिपमधल्या उरलेल्या तीन गोळ्या, एक्स्पायरीची तारीख नेमकी कापून गेलेली. डॉक्टरांकडची सॅम्पल्स. उघडलेलं खोकल्याचं औषध, बाटलीच्या गळ्याशी साखर धरलेली. कुणीतरी आखातातून आणलेल्या गोळ्या, सगळं अरबीत. कामाची निघाली चार खोकी. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणतो.

रस्ता उघडल्यावर टेम्पोबरोबर मीही गेलो. सांगलीजवळ एका शाळेत छावणी होती. तिथल्या डॉक्टर मॅडमनी खोक्यांवरून नजर फिरवली आणि वहीचं पान फाडून माझ्या हातात दिलं. इन्सुलिन, बीपीच्या गोळ्या, डॉक्सिसायक्लिन, ओआरएस, धनुर्वाताचं इंजेक्शन, पाण्यात टाकायचं मेडिक्लोर. घराबरोबर लोकांच्या रोजच्या गोळ्याही वाहून गेल्या होत्या, आणि पुराच्या पाण्यातून चालत आलेल्यांना लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात उतरणाऱ्या तापाची, भीती होती. "आम्हाला काय हवंय हे कुणी विचारतच नाही हो, काका." त्या पानावरचं सगळं माझ्या दुकानात होतं. मी घेऊन गेलो होतो खोकल्याची औषधं!

म्हणून आंतरराष्ट्रीय मदतीचा समन्वय करणाऱ्यांना कुणी 'कागद रंगवणारे' म्हटलं की मला राहवत नाही.

26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात जगभरातून सुमारे 4,000 टन औषधं येऊन पडली. आमच्या 17 खोक्यांचीच गोष्ट, फक्त टनांत. बरीचशी औषधं तिथल्या फार्मासिस्टला वाचता न येणाऱ्या भाषांतली, कित्येकांची मुदत संपलेली. औषध उकिरड्यावर फेकता येत नाही, ते नीट नष्ट करावं लागतं आणि त्यालाही पैसे पडतात. दान केलेल्या औषधाची मुदत पोचताना निदान वर्षभर तरी शिल्लक असावी, लेबल तिथल्या डॉक्टर-फार्मासिस्टना कळेल अशा भाषेत असावं, हे नियम जागतिक आरोग्य संघटनेने 1996 मध्येच लिहून ठेवले होते. पण नियम पाळून घ्यायला जागेवर कुणीतरी बसलेलं लागतं.

संयुक्त राष्ट्रांचं समन्वयाचं काम 1991 च्या ठरावातून सुरू झालं. त्सुनामीतून शिकून 2005 मध्ये त्यांनी कामं वाटून घेतली: आरोग्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं पाहायचं, पाणी आणि स्वच्छतेचं युनिसेफनं, मालवाहतुकीचं जागतिक अन्न कार्यक्रमानं. माझ्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर आपत्कालीन आरोग्य संच. 10,000 माणसांना साधारण 3 महिने पुरतील एवढी औषधं आणि साहित्य, यादी सगळ्या मोठ्या संस्थांनी मिळून आधीच ठरवलेली. अशी एक यादी तयार असण्याची किंमत त्या रात्री निवडत बसलेल्या माणसाला विचारा.

2015 च्या भूकंपात काठमांडूला मोठ्या विमानांसाठी एकच धावपट्टी होती. गर्दीमुळे मदतीची विमानं उतरू न शकता परत फिरली. आधी शोधपथक उतरवायचं की तंबू, हे त्या क्षणी कुणीतरी ठरवावंच लागतं, आणि ज्याचं विमान मोठं त्याने ते ठरवू नये.

हे लांबच्या लोकांचं काम आहे असं पुण्यात तरी कुणी म्हणू नये. 24 फेब्रुवारी 2021 ला कोव्हॅक्स योजनेतून, म्हणजे गरीब देशांनाही कोविडची लस मिळावी म्हणून केलेल्या व्यवस्थेतून, लशीचे पहिले 6 लाख डोस घानामध्ये उतरले, ते आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेले होते. लस पुण्याची, पण ती घानाच्या राजधानीपर्यंत, अक्रापर्यंत पोचली ती अनेक संस्थांनी मिळून केलेल्या व्यवस्थेमुळे.

या यंत्रणेच्या चुका मी झाकणार नाही. हैतीत 2010 मध्ये कॉलरा पसरला तो संयुक्त राष्ट्रांच्याच शांतिसैनिकांच्या छावणीतून, आणि आपली भूमिका मान्य करायला त्यांना 2016 उजाडलं. हा अक्षम्य उशीर होता. जाब विचारलाच पाहिजे. पण 2025 मध्ये अमेरिकेसह अनेक देशांनी मदतीला कात्री लावली आणि संयुक्त राष्ट्रांच्या समन्वय कार्यालयाला पाचवा हिस्सा माणसं कमी करायची वेळ आली, तेव्हा आपल्याकडेही 'बरं झालं, ऑफिसखर्च वाचला' असं लिहिणारे पाहिले. मला फार वाईट वाटलं. वहीचं पान लिहिणारी बाईच काढून टाकली, तर टेम्पोत काय भरणार? देणगी द्यायची तर रोख द्या, आणि त्यातला काही भाग हे पान लिहिणाऱ्यावर खर्च होणार असेल तर तो आनंदाने होऊ द्या. आपल्या सरकारनेही या कामाला हात सैल सोडावा, असं मला मनापासून वाटतं.

त्या छावणीतून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वारगेटला सांगलीची एसटी पकडली. मांडीवर थर्माकोलचा एक डबा, त्यात बर्फाच्या पिशव्या आणि बर्फाला लागून गोठू नये म्हणून टॉवेलात गुंडाळलेलं इन्सुलिन. बाकीच्या गोळ्या खांद्यावरच्या पिशवीत मावल्या. मॅडमनी डबा उघडला, तारखा वाचल्या आणि बाहेर येऊन एकेक नाव पुकारायला सुरुवात केली.