आमच्या आईला कोणी ट्रेनिंग दिलं होतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

लहान मुलांनी खंबीर व्हावं म्हणून आम्ही आईबाबांसाठी शिबिरं घेतो, त्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "आमच्या आईने वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांत सहा जणांना वाढवलं, तिला कोणी ट्रेनिंग दिलं होतं? मुलं टक्केटोणपे खाऊनच घट्ट होतात. तुम्ही लोकांना शांतपणाचं नाटक शिकवताय." उत्तराला चार दिवस लागले, कारण शेवटचं वाक्य झोंबलं.

झोंबलं, कारण खरं आहे. "मुलांसमोर चिडू नका" असं मी लेखात ठोकून दिलं होतं. ते काढून टाकते आहे. ऑगस्ट २०२४मध्ये वडोदऱ्यात पूर आला आणि मगरी असलेल्या विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं तेव्हा मी हेच नाटक केलं होतं. "काही नाही रे, मज्जा!" म्हणत हसत होते आणि गव्हाचा डबा माळ्यावर चढवताना हात असे थरथरत होते की निम्मे गहू खाली. पाच वर्षांचा मुलगा माझं हसू नव्हता बघत, गहू बघत होता. पाणी ओसरल्यावर कितीतरी रात्री तो बाथरूमच्या जाळीपाशी जाऊन मगर आली का बघून यायचा. मला विचारायचा नाही. विचारणार कसा? मीच मज्जा म्हटलं होतं ना.

म्हणून आता शिबिरात सांगतो ते याच्या उलट असतं: अडचण लपवू नका, तिच्याशी कसे झगडता ते मोठ्याने बोला. दूध सांडलं आणि आपण ओरडलो, यांच्या मध्ये एक विचार येऊन गेलेला असतो, "हा मुद्दाम करतो." तो पकडायचा आणि खरा आहे का ते तपासायचं. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. एक बाबा दर उत्तरायणला मांजा गुंतला की फिरकी आपटायचे. यंदा गच्चीत मांडी घालून बसले आणि पुटपुटत राहिले, "सुटत नाहीये. राग येतोय. पाणी पितो, मग हे टोक बघतो." अर्धा तास गेला, दोन हात मांजा कापून टाकावा लागला, पण सुटला. आठवड्याने त्यांची साडेचार वर्षांची मुलगी स्वेटरच्या चेनशी झटत म्हणाली, "राग येतोय, पाणी पिते." चेन काही लागली नाही, ते सोडा.

२०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ज्युलिया लेनर्ड आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग आला होता. साधारण सव्वा वर्षाची बाळं. काहींसमोर मोठ्या माणसाने धडपडत धडपडत डब्यातून खेळणं काढलं, काहींसमोर चुटकीसरशी. मग बाळांना न चालणाऱ्या बटणाचं खेळणं दिलं. धडपड पाहिलेल्या बाळांनी ते बटण जास्त वेळा दाबून पाहिलं. बोलताही न येणारी बाळं, काका!

टक्क्याटोणप्यांचं मात्र पटत नाही. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी मोठेपणापर्यंत माग ठेवला. ज्यांच्या वाट्याला गरिबी, घरातली भांडणं असं बरंच काही एकत्र आलं, त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश मुलांना पुढे शिकण्यात, वागण्यात त्रास झाला. एक तृतीयांश निभावून गेली. त्यांच्या बाजूने असलेल्या गोष्टींत एक मोठी होती: घरात किंवा आसपास एक तरी भरवशाचं माणूस, आणि ते पुष्कळदा आजी किंवा आजोबा. नुसत्या टोणप्यांनी घट्ट व्हायचं असतं तर हिशोब उलटा दिसला असता.

राहिली तुमची आई. मागे एकदा तुम्हीच लिहिलं होतंत की महिनाअखेरीला त्या रिकामे डबे ओट्यावर मांडून म्हणायच्या, "थांबा रे, बघू यातून काय होतंय." आणि भाकरी-पिठलं व्हायचं. सहा पोरं ते बघत होती. आम्ही शिबिरात याहून वेगळं काही सांगत नाही. फरक इतकाच की त्यांच्या मदतीला काकू होती, शेजारीण होती, ओटा सगळ्यांना दिसत होता. आज इथे गोत्रीतल्या फ्लॅटमध्ये दोनच मोठी माणसं, दोघंही आठला घरी येणारी, आणि जेवण डब्याचं.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला आहोत. आजोबा मंडळी येतच नाहीत, तुम्ही या. काही खटकलं तर तिथेच वाद घाला. पलीकडच्या खोलीत मुलं खेळत असतात, त्यांना सगळं ऐकू जातं. आपण भांडून मग चहा कसा घेतो तेही जाईल.