हाव कुणाची, काका?

जानेवारी 2025 मध्ये दादरला टोरेस या दागिन्यांच्या कंपनीच्या दुकानापुढे माणसं पैसे मागायला उभी होती, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी एका ओळीत निकाल लावला. "हाव नडली. बरं झालं." खाली माझ्यासाठी खास शेपूट होतं : "तुमच्या अमेरिकेत असलं खपत नाही. लोक शहाणे, कायदा कडक." त्यावर पटापट अंगठे उमटले. हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मोइसानाइटच्या खड्यांवर आठवड्याला व्याज मिळेल म्हणून पैसे ठेवणाऱ्यांत दादरचे भाजीवालेही होते. त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

आता मिरजेच्या मावसभावाचे पैसे एका क्रिप्टो कॉइनच्या प्लॅनमध्ये बुडाले आहेत आणि काकांनी तेच वाक्य पुन्हा चिकटवलं आहे. मी राहते अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला. हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं, दोन्ही बाजूंनी.

आधी शहाण्या लोकांबद्दल. माझ्या घरापासून गाडीने दोन-अडीच तासांवर कनेटिकट. तिथल्या गिलफर्डमध्ये, म्हणजे चांगल्या खात्यापित्या गावात, बायकांची 'गिफ्टिंग टेबलं' चालायची. नवीन बाई आली की ती ॲपेटायझर, मग सूप-सॅलड, मग आंत्रे, म्हणजे मुख्य जेवण, आणि शेवटी डेझर्ट. आठ ॲपेटायझर बायकांनी पाच-पाच हजार डॉलर डेझर्टला 'भेट' द्यायचे, तिने चाळीस हजार घेऊन उठायचं, टेबल दोन भागांत फुटायचं आणि प्रत्येक भागाने नव्या आठ बायका शोधायच्या. भेटीवर कर नाही, हेही ठासून सांगितलं जायचं. 2013 मध्ये कोर्टाने दोघी सूत्रधारांपैकी एकीला साडेचार आणि दुसरीला सहा वर्षं आत पाठवलं. त्याने कुणी शहाणं झालं नाही. टेक्सासमध्ये कोविडच्या काळात 'ब्लेसिंग्ज इन नो टाइम' निघालं : 1,400 डॉलर भरा, 11,200 मिळवा. बळी मुख्यतः कृष्णवर्णीय कुटुंबं, कारण चालवणारं जोडपंही त्यांच्यातलंच होतं. त्याही आधी, 2018 मध्ये, ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने 'बिटकॉइन फंडिंग टीम' कोर्टात खेचली. शंभरेक डॉलरचं बिटकॉइन वरच्याला द्या, महिन्याला 80,000 डॉलरपर्यंत कमवा, अशी तिची जाहिरात. असल्या जाहिरातीला भुलणारे शहाणे, आणि दादरचा भाजीवाला हावरट. असो.

आमच्या आईची भिशी बारा बायकांची होती. बारा महिने, बारा चिठ्ठ्या, जेवढे भरले तेवढेच एकदा हातात, वर्षाच्या शेवटी हिशेब मिटला. तेराव्या बाईची कुणाला गरज नव्हती. भेटीच्या चक्रात मात्र एकीला उठवायला आठ जणींचे पैसे लागतात. म्हणजे चक्र कुठल्याही दिवशी थांबवा, आठांतल्या सात जणी बुडालेल्याच असणार. त्या आठही जणींना मोकळं करायचं तर 64 नव्या हव्यात, त्यांच्यासाठी 512, आणि असं करत नवव्या पायरीला 13 कोटी 42 लाख. 2011 च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र 11 कोटी 24 लाखांचा होता. यात हाव कमी असली काय किंवा जास्त असली काय, गणित बदलत नाही. आठ साध्वी बसवल्या तरी सात जणी रडत घरी जातील.

कॉइन आल्याने हे गणित झाकायला एक छान पडदा मिळाला. 'फोर्सेज' नावाच्या योजनेवाले सांगायचे, आमच्याकडे कंपनी नाही, मालक नाही, सगळा कारभार स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामचा, त्यामुळे पळून जाणारं कुणी नाहीच. यातला कॉन्ट्रॅक्टचा भाग खराही होता. पैसे थेट खालच्याच्या वॉलेटमधून वरच्याच्या वॉलेटमध्ये जात. प्रत्येक व्यवहार ब्लॉकचेन नावाच्या सार्वजनिक खातेवहीत उघडा असल्यामुळे संशोधकांनी तो मोजला, तेव्हा 88 टक्क्यांवर लोक तोट्यात निघाले. ऑगस्ट 2022 मध्ये एसईसीने, म्हणजे अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, 11 जणांवर दावा लावला, 30 कोटी डॉलरचा मामला. वनकॉइन या दुसऱ्या योजनेची तऱ्हा उलटी : त्यांच्याकडे ब्लॉकचेनच नव्हती. भाव कंपनी ठरवणार, विकायची खिडकीही कंपनीचीच, आणि 2017 च्या जानेवारीत ती खिडकी बंद. भारतातल्या गेनबिटकॉइनने तर खरं बिटकॉइन घेतलं. महिन्याला 10 टक्के, 18 महिने, असा वायदा होता. बिटकॉइन आटल्यावर हातावर ठेवलं स्वतःचं एमकॅप नावाचं टोकन. ईडीच्या हिशेबाने 2017 च्या भावात 6,600 कोटींचं बिटकॉइन गोळा झालं होतं.

महिन्याला 10 टक्के ऐकून पैसे टाकणं ही हावच, असं काका म्हणणार. असेल. पण मग हाव नेमकी मामेभावाकडून मावसभावाकडे, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे, एकाच शाळेच्या स्टाफरूममधून कशी पसरते? आमच्या मिरजेच्या भावाला हा प्लॅन त्याच्या थोरल्या बहिणीने दाखवला. आमची ताई. तिला कॉलनीतल्या बाईंनी. या बाईंनी त्याच्या मुलीच्या ताप-खोकल्यात रात्री रिक्षा आणून दिली होती. अशा बाईंनी फोनवर आकडा वाढताना दाखवला तर 'व्हाइटपेपर, म्हणजे योजनेची लेखी माहिती, कुठे आहे' असं विचारायचं असतं का? मुंबईत बसून विचाराल कदाचित. मिरजेत त्याला उद्धटपणा म्हणतात.

इथे हैतीहून आलेल्या लोकांचं हेच झालं. नोव्हाटेक या क्रिप्टो योजनेवर एसईसीने ऑगस्ट 2024 मध्ये दावा केला. आरोप असा की दोन लाखांवर लोकांकडून 65 कोटी डॉलरहून जास्त रकमेचं क्रिप्टो जमवलं. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनेही खटला भरला. जाळं प्रार्थनेच्या गटांतून आणि व्हॉट्सॲपवरून पसरलं होतं, हैतीच्याच लोकांनी हैतीच्या लोकांत पसरवलेलं. परक्या देशात ज्याला तुमची भाषा येते तो आधीच अर्धा घरात आलेला असतो.

हे मला पुस्तकात वाचावं लागलेलं नाही. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर मिळणाऱ्या व्हिसावर होते, मुलगा स्ट्रोलरमध्ये, आणि कॉस्टकोच्या डायपरच्या रांगेत मागून आवाज आला, "अय्या, मराठी का तुम्ही?" पुढचं इथल्या प्रत्येक देशीला पाठ आहे. आधी चहा, मग "आमचे एक मेंटॉर आहेत", मग वर्तुळं काढलेला कागद. तेव्हा साबण आणि व्हिटॅमिनं होती, आता झूमवर कॉइन असतो, जोडपी तीच. मी दुसऱ्या चहालाच ओळखलं. तरी पुढेही जात राहिले. त्या घरी पोहे मिळायचे आणि कुणीतरी मला 'अगं' म्हणायचं. पैसे मी घातले नाहीत, यात अकलेचा काही भाग नव्हता. माझ्या नावावर तेव्हा खातंच नव्हतं. त्यामुळे काका 'शहाणे लोक' म्हणतात तेव्हा त्यात आपण मोडतो असं मला मनापासून कधी वाटत नाही. ग्रुपवर मात्र मी तसंच बोलते, हे खरं.

आता कडक कायद्याचं. एप्रिल 2017 मध्ये नवी मुंबई पोलिसांनी वनकॉइनच्या मेळाव्यावर धाड घालून 18 जणांना पकडलं. त्याआधी दहाच महिने वनकॉइनच्या संस्थापक रुजा इग्नातोव्हा बाई लंडनच्या वेम्ब्ली अरीनात टाळ्या घेत होत्या. त्या ऑक्टोबर 2017 मध्ये सोफियाहून अथेन्सच्या विमानात बसून गायब झाल्या, आणि लंडन शहर पोलिसांनी 2019 मध्ये एकावरही आरोप न ठेवता तपास गुंडाळला. हे मी ग्रुपवर टाकलं तेव्हा काका गप्प होते. नवी मुंबई लंडनच्या पुढे, हे लिहिताना माझी छाती फुगली होती, कबूल. गेनबिटकॉइनबद्दल मात्र मी मुद्दामच बोलले नाही. त्या तपासात पुणे पोलिसांना मदत करणारे सायबर तज्ज्ञ, त्यांतला एक माजी आयपीएस, स्वतःच क्रिप्टो वळवल्याच्या आरोपावरून मार्च 2022 मध्ये अटकेत गेले. मुख्य आरोपी त्याच वर्षी जानेवारीत वारला होता. सीबीआयचे छापे पडले 2025 च्या फेब्रुवारीत. इकडे वनकॉइनच्या सहसंस्थापकाला न्यूयॉर्कच्या कोर्टाने 2023 मध्ये 20 वर्षं दिली होती. इथे निदान निकाल लागतो, असं म्हणायचा मोह मलाही होतोच.

भावाने मला पैसे घालताना काहीच सांगितलं नव्हतं. बुडाल्यावर फोन केला. पूर्वी सायकल घ्यायची तरी तो मला विचारायचा. आता मी 'तिकडची'. डॉलरवाल्या बहिणीला चार पैशांचं काय सांगायचं, असं त्याला वाटलं असेल, किंवा मी नाही म्हणेन म्हणून. दोन्हींतलं कुठलं, ते विचारायचा धीर मला झाला नाही. मी कामाचं बोलले. वॉलेटचे पत्ते, ट्रान्झॅक्शन आयडी, ग्रुपचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेव, ग्रुप सोडू नकोस, आर्थिक गुन्हे शाखेत जा. "आधी फी भरा, पैसे परत मिळवून देतो" म्हणणारे येतील, त्यांना एक रुपया देऊ नकोस.

तो म्हणाला, तक्रारीत कुणी आणलं ते लिहावं लागेल. प्रश्न साधा नाही. 1978 च्या पैसे फिरवण्याच्या योजनांविरुद्धच्या कायद्यात योजना चालवणंच नाही, सभासद होणंही गुन्हा आहे. त्याच्या वर ताई, त्याच्या खाली त्याने आणलेले ऑफिसातले दोघं. अशा साखळीत प्रत्येक जण थोडा फसलेला आणि थोडा फसवणारा असतो, म्हणून कुणीच चौकीची पायरी चढत नाही. वरच्यांना हे पक्कं माहीत असतं. काका म्हणतात ती हाव मला दिसते ती तिथे वर.

ताईचं नाव लिही, असं मी त्याला सांगितलं. ते तिच्या कानावर गेलं आहे. तिने मला एकच मेसेज पाठवला : "तुला काय, तू दिवाळीला फोटोतच असतेस." तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. भावाने अजून तक्रार दिलेली नाही.