‘ड्यून’चे दोन चित्रपट आणि निष्ठेचा प्रश्न : आपल्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार.

‘ड्यून’ या विज्ञानकादंबरीवरच्या जुन्या आणि नव्या चित्रपटांची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : डेव्हिड लिंच यांचा १९८४ चा चित्रपट फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ च्या कादंबरीशी अधिक प्रामाणिक आहे, कारण कादंबरीप्रमाणेच त्यात पात्रांच्या मनातले विचार आपल्याला ऐकू येतात, डेनी विलनव यांचे २०२१ आणि २०२४ चे भाग म्हणजे नुसताच भव्य देखावा आहे, चानीचे, म्हणजे नायक पॉलच्या प्रेयसीचे, पात्र त्यांनी मनमानीने बदलले, आणि मल्टिप्लेक्सच्या पडद्याने दिपून जाऊन मी जुन्या चित्रपटावर अन्याय केला. यातला शेवटचा आक्षेप आधी बाजूला करतो. लेख लिहिण्यापूर्वी दोन्ही चित्रपट मी घरच्या पडद्यावर पाठोपाठ पुन्हा पाहिले होते, आणि माझे मत तिथेही तेच राहिले.

आपण स्वतः ज्या प्रसंगाचा दाखला दिला आहे, तोच घेऊ. बेने गेसेरिट या स्त्रियांच्या गूढ संघातली वृद्ध मठमाता पॉलला एका पेटीत हात घालायला सांगते आणि विषारी सुई त्याच्या मानेला लावते. वेदना असह्य होऊन हात बाहेर काढला तर मृत्यू. लिंच यांच्या चित्रपटात भीतीवर मात करण्याचा मंत्र पॉल मनातल्या मनात म्हणतो, तो आपल्याला ऐकू येतो आणि होरपळणारा हातही दिसतो. कादंबरीत मंत्र आठवतो तो पॉलच, त्यामुळे शब्दांपुरते आपले म्हणणे बरोबर आहे. विलनव यांनी मात्र तो मंत्र दाराबाहेर उभ्या असलेल्या जेसिकाच्या, म्हणजे त्याच्या आईच्या तोंडी दिला आहे. आत मुलगा एक शब्दही न उच्चारता त्या वृद्धेच्या डोळ्याला डोळा भिडवतो आणि बाहेर आई थरथरत पुटपुटते. हा बदल दृश्य सजवण्यासाठी केलेला नाही. जेसिका त्याच संघातली आहे, आणि संघाने तिला फक्त मुलींना जन्म देण्याची आज्ञा केली होती. पॉलचे वडील ड्यूक लेटो यांच्यावरील प्रेमापोटी तिने मुलाला जन्म दिला, आणि त्या अवज्ञेची किंमत आत तो मुलगा मोजत आहे. कादंबरीने अनेक पानांत सांगितलेला हा अपराधभाव एका बंद दाराच्या दोन बाजू दाखवून आपल्यापर्यंत पोहोचतो. याला मी देखावा म्हणू शकत नाही.

मनातले विचार कुजबुजत्या आवाजात ऐकवणे म्हणजे निष्ठा, हे मला मुळातच मान्य नाही. कादंबरीला विचार लिहिता येतात, कारण तिच्याजवळ शब्दांखेरीज दुसरे काही नसते. चित्रपटाजवळ चेहरा आहे, हात आहेत, शांतता आहे. २०२१ च्या भागात पॉल आणि जेसिका शत्रूच्या विमानात कैद असताना हातांच्या खुणांनी बोलतात, आणि सैनिकांवर ‘आवाजा’ची, म्हणजे ऐकणाऱ्याला हुकूम पाळायला लावणाऱ्या विद्येची, हुकमत चालवण्याचा पॉलचा पहिला प्रयत्न कमी पडतो, तेव्हा तो किती कच्चा आहे आणि आई त्याची गुरूही आहे हे दोन्ही न सांगता कळते. आपल्या कोल्हापूरला तर हे नवे वाटायला नको. बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ मूकपट म्हणून केला आणि १९३६ मध्ये त्यांनीच तो पुन्हा बोलपट म्हणून केला.  सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्या शेतकऱ्याच्या मनात काय चालले आहे, हे मूकपटात कुणी कानात येऊन सांगत नव्हते.

आता निष्ठेचाच हिशेब मांडायचा, तर तो पुरा मांडू. कादंबरीतली विशिष्ट युद्धविद्या काढून तिच्या जागी आवाजाचे शस्त्र कुणी आणले? लिंच यांनी. ही तडजोड मी फार मोठी मानत नाही. शेवट मात्र मला सोडून देता येत नाही. १९८४ च्या चित्रपटाच्या अखेरीस पॉल त्या वाळवंटी ग्रहावर पाऊस पाडतो आणि तो खरोखरच अवतारपुरुष असल्याची ग्वाही दिली जाते. हर्बर्ट यांनी रचलेल्या जगात पाणी हे वाळूतल्या महाकाय किड्यांसाठी विष आहे. त्या किड्यांपासूनच स्पाइस हे अमूल्य द्रव्य तयार होते आणि स्पाइसवाचून ताऱ्यांमधला प्रवास होत नाही. म्हणजे पाऊस पडला तर किडे मरतील, किडे मेले तर स्पाइस संपेल, आणि ज्या स्पाइसच्या जोरावर पॉलने सम्राटाला नमवले ते हत्यारच त्याच्या हातून जाईल. नारळीकरांच्या कथा वाचत वाढलेला वाचक विज्ञानकथेकडून निदान इतकी अपेक्षा ठेवतो की तिने स्वतः घातलेला नियम स्वतःच मोडू नये. पाऊस म्हणजे प्रत्येक वेळी वरदान नसते, हे तर २०१९ चा पंचगंगेचा पूर पाहिलेल्या आपल्याला वेगळे सांगायला नको. उलट २०२४ च्या भागात लहानसा किडा पाण्यात बुडवून मारण्याचा आणि त्याच्यातून निळे द्रव काढण्याचा विधी स्पष्ट दाखवला आहे. नियम तिथे डोळ्यांसमोर आहे आणि शेवटपर्यंत पाळलेला आहे.

चानीचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. कादंबरीत पॉल राजकारणासाठी सम्राटाच्या मुलीशी लग्न ठरवतो आणि चानी त्याच्याजवळच राहते. नव्या चित्रपटात ती मान तुकवत नाही, निघून जाते. अक्षरशः पाहिले तर हा कादंबरीपासून दूर जाणारा बदल आहे. पण पॉलला नायक समजून टाळ्या वाजवणाऱ्या वाचकांना हर्बर्ट काय सांगू पाहत होते, हे १९६९ च्या दुसऱ्या कादंबरीत उघड होते : पॉलच्या नावाने लढल्या गेलेल्या धर्मयुद्धात ६१ अब्ज माणसे मरतात, आणि तो आकडा पॉल स्वतःच्या तोंडाने सांगतो. त्या ग्रहावरच्या वाळवंटात राहणाऱ्या फ्रेमन लोकांमधली अवताराची भविष्यवाणी जेसिकाच्या संघानेच कित्येक पिढ्यांपूर्वी पेरून ठेवलेली होती, हे पहिल्याच कादंबरीत आहे. कादंबरीतला निवेदक हा धोका सुचवत राहू शकतो. नव्या चित्रपटात असा सतत सोबत असणारा निवेदक नाही, म्हणून ती शंका कुणातरी माणसाच्या तोंडी द्यावी लागते, आणि विलनव यांनी ती चानीला दिली. पॉलवर जिचे सर्वांत जास्त प्रेम आहे तिनेच ती बोलावी, यात मला कादंबरीची खोल समज दिसते.

आपल्या एका आक्षेपाचे वजन मात्र मोठे आहे आणि आपण तो एका ओळीत आटोपलात, याचे मला वाईट वाटले. नव्या दुसऱ्या भागात जेसिका शेवटपर्यंत गर्भवतीच असते, म्हणजे सगळा बंड नऊ महिन्यांच्या आत उरकतो. कादंबरीत मध्ये काही वर्षे जातात. परका मुलगा इतक्या लवकर एका कडव्या जमातीचा सर्वेसर्वा होतो, हे पटायला जड जाते, आणि जन्माआधीच सर्व जाणणारी पॉलची बहीण आलिया आईच्या पोटातला आवाज होऊन राहते. पॉलच्या घराण्याचा सल्लागार थुफिर हवात दुसऱ्या भागात दिसतच नाही. टाकीत तरंगणारा विकृत देहाचा, अंतराळयाने हाकणारा दिशादर्शक लिंच यांनी जसा उभा केला, तशी विचित्र, अंगावर येणारी कल्पना नव्या दोन्ही भागांत मला कुठे सापडली नाही. या बाबतीत जुना चित्रपट सरस आहे.

आपण शेवटी सुचवले आहे की तुलना दूरचित्रवाणीसाठी वाढवलेल्या आवृत्तीशी करावी, म्हणजे लिंच यांना न्याय मिळेल. त्या आवृत्तीवरून लिंच यांनी स्वतःचे नाव काढून घेतले होते, आणि चित्रपटगृहातल्या आवृत्तीच्या अंतिम संकलनावरही त्यांचा अधिकार नव्हता. वाढीव आवृत्ती त्यांच्या पदरात घालणे त्यांच्यावरच अन्यायाचे होईल. म्हणून मी १३७ मिनिटांची मूळ आवृत्तीच समोर ठेवली, आणि वरचे सगळे मुद्दे तिच्यावरच तपासून पाहावेत, अशी विनंती आहे.