सर, काका आणि क्रूझरवेट

माझं वय ५२. काउंटरशी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांचं ७८, आणि हे त्यांनीच न विचारता सांगितलं. असं असताना दुकानातल्या पोराने त्यांना ‘सर’ म्हणायचं आणि मला ‘काका’? शनिवारपासून हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. बायको म्हणते, सोडून दे. सोडलं असतं, पण पुढचं ऐका.

मुलगा शिकायला जर्मनीला गेला आणि त्याचं प्लेस्टेशन फाइव्ह, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, टीव्हीखाली ठेवून गेला. फुटबॉल मला जमत नाही, बंदुकांचा कंटाळा येतो. पण दिवसभर ऑफिसात ‘नोटेड, विल रिव्हर्ट’ लिहून घरी आलं की कोणाला तरी एक सणसणीत ठोसा लगावावा असं वाटतं. म्हणून बॉक्सिंगचा एखादा बरा गेम घ्यायला गेलो, एवढंच.

दुकान ठाण्यात, गोखले रोडला लागून असलेल्या एका गल्लीत. पुढे मोबाइलची कव्हरं, मधे सेट-टॉप बॉक्सचे रिमोट, मागच्या कपाटात गेमच्या डिस्क. गृहस्थ रिमोट घ्यायला आले होते. हाफ स्वेटर, खिशाला पेन, हातात जुना रिमोट, त्याला रबरबँड.

“बॉक्सिंगचा चांगला गेम आहे का, पीएस फाइव्हसाठी?” मी पोराला विचारलं.

“मुलासाठी का, काका?”

“माझ्यासाठी.”

पोराने एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या पोटाकडे बघितलं. तो काही बोलायच्या आत गृहस्थ वळले.

“बॉक्सिंग? तुम्ही?”

“व्हिडिओ गेम हो.”

“हां, म्हणजे खरं नाही,” असं म्हणून त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला वाटलं प्रकरण मिटलं. पण लगेच, “वजन किती तुमचं?”

“वजनाचं काय?”

“वाह! बॉक्सिंगमध्ये वजनी गट असतात. वजन न बघता निवडणार कसं?”

पोराने मान डोलावली. “सर बरोबर बोलतायत, काका.”

आता यात बरोबर काय होतं? घरच्या सोफ्यावर बसून अंगठ्याने बटण दाबणाऱ्या माणसाला वजनी गट? पण मागे स्क्रीन गार्ड लावून घ्यायला थांबलेल्या दोन मुलीही माझ्याकडे बघायला लागल्या होत्या, त्यामुळे उत्तर देणं भाग होतं.

“८२.”

“कपड्यांसकट?”

मी गप्प. त्यांनी मनाशी हिशेब केला. “लाइट हेवीवेट ७९ किलोच्या आसपास संपतो. तुम्ही त्याच्या वरच्या गटात, क्रूझरवेट.” मग मुलींकडे वळून, “क्रूझरवेट आहेत हे.” मुलींनी हसू दाबलं. गृहस्थ रेल्वेत होते आणि तिथल्या खेळाडूंची व्यवस्था बघायचे, हेही या ओघात कळलं. कोणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात पोराने डब्ल्यूडब्ल्यूई काढलं.

“हे कुस्तीचं आहे,” मी म्हटलं.

“मारामारीच आहे ना, काका. बघा तर.” आणि त्याने ते दुकानातल्या टीव्हीवर लावलं. पडद्यावर एक धिप्पाड इसम लोखंडी घडीची खुर्ची घेऊन दुसऱ्याच्या पाठीत घालत होता.

“ती खुर्ची रिंगमध्ये कोणी येऊ दिली?” गृहस्थ कडाडले. “पंच कुठायत?”

“सर, यात चालतं.”

“चालतं कसं? खुर्ची कोणाची आहे ती?”

यावर पोराकडे उत्तर नव्हतं. त्याने घाईघाईने यूएफसी लावलं. तिथे पहिल्याच मिनिटाला एकाने दुसऱ्याच्या मांडीवर लाथ हाणली.

“फाउल!”

“सर, हे एमएमए, मिक्स्ड मार्शल आर्ट्स. यात लाथ अलाउड आहे.”

“मग बॉक्सिंग म्हणून दाखवू नकोस.” कुस्तीचा गेम बघून साधारण हेच मी पाच मिनिटांपूर्वी म्हटलं होतं. मी म्हटल्यावर पोराने कानाआड केलं, त्यांनी म्हटल्यावर “सॉरी सर”.

मग त्यांनी मला जॅब म्हणजे काय हे करून दाखवलं. डावा हात सरळ, हनुवटी खाली, उजवा गालाशी. डाव्या हातात रिमोट होताच. तो थेट स्क्रीन गार्डच्या स्टँडला लागला आणि दहा-बारा पाकिटं खाली पडली. “असू द्या सर, असू द्या,” म्हणत पोरगा वाकून गोळा करायला लागला. त्याआधी मी एका डिस्कची मागची बाजू वाचायला हात पुढे केला होता, तेव्हा मला काय ऐकायला मिळालं? “काका, हात नका लावू.”

मला खरं तर काय हवं होतं ते मला माहीत होतं. फाइट नाइट चॅम्पियन. २०११ साली आला. त्यात आंद्रे बिशप नावाच्या बॉक्सरला एक लबाड प्रमोटर तुरुंगात अडकवतो आणि तिथून बाहेर येऊन त्याला पुन्हा वर चढायचं असतं. कंट्रोलरवरची उजव्या अंगठ्याची काडी फिरवली की ठोसा. सारखे जोरकस ठोसे मारले की दम लागतो आणि दोन्ही हात लोंबायला लागतात. माझ्या मुलाने त्याच्या मित्राकडे खेळलेला आणि मी मागे उभा राहून बघितलेला. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण बॉक्सिंगचा गेम म्हटलं की लोक अजून त्याचंच नाव घेतात.

“तो पीएस थ्रीचा, काका. फाइव्हमध्ये ती डिस्क चालणार नाही. एक्सबॉक्सवर चालतो. एक्सबॉक्स आहे?”

“नाही.”

“मग घ्या ना एक्सबॉक्स.”

म्हणजे २०११ चा एक गेम खेळायला मी नवं यंत्र घ्यायचं. हा गेम काढणारी ईए ही कंपनी फुटबॉलचा गेम दर वर्षी न चुकता काढते. यूएफसीचेही भाग निघाले, पाचवा २०२३ मध्ये आला. बॉक्सिंगवर मात्र २०११ नंतर पडदा. कारण ऐकलं तर आणखी चिडचिड होते. यूएफसी ही एकच संस्था. तिच्याशी एक करार केला की सगळी पलटण मिळते. बॉक्सिंगमध्ये डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार संघटनांचे विजेतेपदाचे चार पट्टे, आणि प्रत्येक बॉक्सरशी वेगळी बोलणी. लग्नात प्रत्येक मामाचा मानपान वेगळा करावा लागतो, तसलंच हे. त्यातला एखादा मामा रुसला की तो गेममध्ये नाही. ठीक आहे, अवघड आहे. पण अवघड आहे म्हणून बॉक्सिंगवाल्यांनी वर्षानुवर्षं नुसतं खुर्च्यांनी मारणारे बघायचे का?

शेवटी हे काम केलं ते इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या स्टील सिटी इंटरॅक्टिव्ह नावाच्या स्टुडिओने. त्यांचा अनडिस्प्युटेड आधी २०२३ च्या जानेवारीत पीसीवर अर्धामुर्धा आला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्ण होऊन प्लेस्टेशन फाइव्हवर. सत्तरच्या वर खरे बॉक्सर आहेत. मुहम्मद अली आहे, मेक्सिकोचा कनेलो आहे. गेम आला तेव्हा माइक टायसन नव्हता. मामा रुसले असणार. मला तर एवढंच कळलं की ‘निवडायचं’ म्हणून घरून निघालेल्या माणसासमोर पर्याय एक. पोराने कपाटाच्या तळातून त्याची एक वापरलेली डिस्क काढली, कव्हरवर कोणीतरी पेनने फोन नंबर लिहिलेला.

गृहस्थांनी ती माझ्या आधी हातात घेतली. “यात आपला कोणी आहे का?”

आपला म्हटल्यावर मला राहवलं नाही. व्हिडिओ गेममधला मुंबईचा बॉक्सर एकच माहितीये मला. निन्टेन्डोच्या १९८७ च्या पंच-आउटमधला ग्रेट टायगर. खाली चक्क ‘बॉम्बे, इंडिया’ लिहिलेलं असतं. २००९ मध्ये निन्टेन्डोच्याच ‘वी’ नावाच्या यंत्रावर नवा पंच-आउट निघाला तेव्हा त्यांनी ते ‘मुंबई’ केलं, तेवढी मात्र तत्परता दाखवली. तर हा आमचा मुंबईकर कसा? डोक्यावर पगडी, पगडीत रत्न, आणि ठोसा मारण्याआधी ते रत्न चमकतं! मुंबईत ठोसा देण्याआधी कोण कोणाला इशारा देतो? ठाण्याहून सकाळची फास्ट पकडून दाखवा. कोपर बरगडीत जातं आणि मागून ‘चला ना पुढे’ ऐकू येतं. चमकतं ते फक्त आपल्या डोळ्यांपुढे. शिवाय हा इसम जादूने गायब होऊन रिंगभर फिरत हल्ले करतो आणि ते सगळे अडवले तर त्यालाच घेरी येते. मग एक टपली मारली की आडवा. जपानमध्ये क्योटोत बसलेल्या निन्टेन्डोवाल्यांनी आपल्याबद्दल नेमकं काय ऐकलं होतं, देव जाणे.

हे सगळं मी गृहस्थांना सांगितलं. ते म्हणाले, “मराठी नसणार तो.”

मग डिस्क चालते का हे बघायचं ठरलं. ठरवलं त्यांनी. पोराने दोन कंट्रोलर दिले, कमी राउंडची मॅच लावली, मला अली दिला. मनात म्हटलं, आता यांची खोड मोडू. घंटा वाजल्यापासून मी हूक, अपरकट, जे सापडेल ते झाडत सुटलो. गृहस्थांना एकच बटण सांगितलं होतं, जॅबचं. ते तेच दाबत राहिले. टक. टक. टक. चेहऱ्यावर रेल्वेच्या खिडकीतली शांतता. दुसऱ्या राउंडमध्ये माझ्या अलीला धाप लागली. ज्याने जगाला नाचवलं तो माझ्या हातात पडल्यावर दोरखंडाला टेकून उभा. निकाल गुणांवर लागला. मी हरलो.

“क्रूझरवेटला दम कमी पडतो,” ते मुलींना म्हणाले.

त्यांना रिमोट फुकट मिळाला, “सरांसाठी”. माझ्या डिस्कवर मी शंभर रुपये कमी करायला सांगितले तर पोरगा म्हणाला, “काका, आधीच परवडत नाही.” मागच्या एका मुलीने सगळी मॅच मोबाइलवर घेतली होती, ती दुकानाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर गेली आणि तिथून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर. सेक्रेटरींनी त्याखाली अंगठा टाकलाय. पार्किंगच्या तक्रारीवर महिनाभर उत्तर नाही, पण यावर अंगठा तत्काळ.

गृहस्थांनी पावतीवरून माझा नंबर उतरवून घेतला होता. काल त्यांचा फोन आला. रविवारी सकाळी अकराला येतायत, परतीची मॅच खेळायला, म्हणजे त्यांच्या मते मला शिकवायला. बरोबर रेल्वेतले दोन मित्र आहेत, त्यांतला एक पंच म्हणून बसणार. चहात साखर नको, हेही त्यांनी सांगून ठेवलंय. आणि फोन ठेवताना म्हणाले, “तोवर दोन किलो उतरतंय का बघा.”