गावाचा इतिहास कुणाच्या माळ्यावर पडलाय?

बहुतेक प्रत्येक जुन्या गावात असा एक माणूस असतो. निवृत्त शिक्षक, पोस्टातले कारकून, छापखानावाले, कधी एखादे वैद्य. जुना वाडा पाडायला काढला की मजुरांच्या आधी हे तिथे पोचतात. गावकरी त्यांना ‘इतिहासवाले’ म्हणतात. घरचे म्हणतात, रद्दी जमवायचा नाद लागलाय. आज मला या माणसांच्या बाजूने लिहायचं आहे, आणि बाकीच्या आपल्या सगळ्यांशी थोडं भांडायचंही आहे.

मराठ्यांच्या इतिहासाचा पाया कुठल्या विद्यापीठात घातला गेलेला नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव फिरले, लोकांच्या माळ्यांवरचे, कोनाड्यातले, पेटाऱ्यातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून बसले, आणि त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड उभे राहिले. 1898 साली पहिला खंड निघाला, त्यात पानिपतच्या काळातली पत्रं होती. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं, तेही त्यांच्याच पुढाकाराने. 1926 च्या शेवटच्या दिवशी ते धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यातच उभं राहिलं. नाना फडणीसांचं मेणवलीचं दप्तर इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांच्या प्रयत्नांनी पुढे आलं. म्हणजे आपण आज ज्याला इतिहास म्हणतो तो आधी कुणाच्या तरी घरातला धूळ खात पडलेला गठ्ठा होता. कुणीतरी दारात उभं राहून तो मागितला, म्हणून वाचला.

ही परंपरा राजवाड्यांबरोबर संपली नाही. भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथे सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या देवळातला शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा मराठी लेख उजेडात आणला तो सोलापूरच्या आनंद कुंभारांनी. पोटापाण्याची नोकरी वेगळी, आणि शिलालेख वाचण्याचं शिक्षण स्वतःचं स्वतः घेतलेलं. ‘वाछि तो विजेया होईवा’, जो वाचेल तो विजयी होईल, असं त्या दगडावर कोरलेलं आहे. श्रवणबेळगोळचा लेख आपण सगळे शाळेत शिकलो. कुडलच्या लेखाचं नाव किती जणांनी ऐकलंय? आणि तो शोधणाऱ्याचं?

धाराशिव जिल्ह्यातलं तेर घ्या. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनात ज्याचा ‘तगर’ म्हणून उल्लेख आहे ते हेच गाव. सातवाहनांच्या काळात इथला माल रोमन जगापर्यंत जात होता. तिथल्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, निघालेल्या मूर्ती, मणी, नाणी, हस्तिदंती वस्तू गावातच राहिल्या त्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्यामुळे. त्यांनी आयुष्यभर त्या गोळा केल्या, सांभाळल्या. आज तेरमधलं सरकारी वस्तुसंग्रहालय त्यांच्या नावाने आहे आणि त्याचा मुख्य साठा त्यांनी जमवलेलाच आहे. अशा वस्तू बाजारात जायला वेळ लागत नाही. एका माणसाने ठरवलं की गावच्या वस्तू गावात राहतील, आणि राहिल्या.

मी ज्यांच्याकडे बसून हे काम जवळून पाहिलं ते आमचे सर. नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. त्यांच्या टेबलावर कधी पंखा चालू नसतो, कारण कागद उडतात. आधी हात धुवायला लावतात, मग पुसायला लावतात, मग दोन बोटं लावू देतात. त्यांनी मला दाखवलेला पहिला कागद एक महजर होता. म्हणजे वतनाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या वतनदार-बलुतेदारांच्या सभेपुढे आला, साक्षीपुरावे झाले, निवाडा झाला, त्याचं पत्र. हाताने बनवलेला जाड कागद, घड्यांवर विरलेला, एका कडेला वाळवीने खाल्लेला. शाई मात्र अजून काळीभोर. वरचा मजकूर मोडीत, बोरूने, एका दमात लिहिल्यासारखा. आणि तळाशी सह्यांच्या जागी चित्रं. पाटलाच्या नावापुढे नांगर, बलुतेदारांच्या नावांपुढे ज्याच्या त्याच्या धंद्याचं अवजार. या लोकांना लिहिता येत नव्हतं, पण निवाड्याला त्यांची साक्ष लागत होती. मी तो नांगर बराच वेळ बघत बसले. चार रेघांचा आहे. ज्याने तो काढला त्याचं नाव त्याच्या शेजारी आहे, आणि त्या आडनावाची घरं गावात आजही आहेत.

सर म्हणाले, “आता वाचायची घाई करू नकोस. आधी वहीत लिही, कागद कुणाच्या घरचा, कुणी दिला, कधी दिला, कुठे ठेवलेला होता.”

मला हे त्यांच्या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. मोडी वाचणं कौशल्याचं आहेच. तारीखसुद्धा सरळ नसते. ‘सलास अशरैन मया व अलफ’ असं अरबी संख्याशब्दांत सुहुर सन, म्हणजे जुन्या कागदांत वापरलेली एक कालगणना, लिहिलेलं असतं. तीन, वीस, शंभर आणि हजार मिळून 1123 होतात, त्यात 599 किंवा 600 मिळवायचे, म्हणजे 1722-23. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून महिना बघितल्याशिवाय इसवी सन ठरत नाही. पण हे सगळं शिकता येतं. कागद कुठून आला याची नोंद मात्र त्याच दिवशी झाली नाही तर पुन्हा कधीच होत नाही. आज व्हॉट्सअ‍ॅपवर जुन्या कागदांचे फोटो फिरतात, खाली ‘शिवकालीन दुर्मिळ पत्र, पुढे पाठवा’. कुणाकडचं, कुठल्या गावचं, मागची बाजू कुठे आहे, काही नाही. असा फोटो पाहून अंगावर काटा येईल, पण पुरावा म्हणून त्याचा काही उपयोग नाही.

मोडीचं महत्त्व आपल्याला 2023 मध्ये एकदम कळलं. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं आणि तहसील कचेऱ्यांतले जुने दस्त, जन्म-मृत्यूची कोतवाल बुकं बाहेर निघाली. मग मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध. जी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोजच्या व्यवहारात होती ती वाचणारी माणसं जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ज्यांना इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं त्यांच्या दारात गाड्या उभ्या राहिल्या. आरक्षणाबद्दल कुणाचं काहीही मत असो. माझा मुद्दा इतकाच की कागदाची गरज पडल्यावर कागद जपणारा तयार करता येत नाही.

आता थोडं कडू. गावाला आपला इतिहास हवा असतो, पण गोड हवा असतो. आमचं गाव रामायणातलं आहे असं सांगा, सत्कार होईल. अमुक देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणा, कुणी हरकत घेणार नाही. पण ते देऊळ यादवकाळातलं दिसतं आणि नंतर दोनदा दुरुस्त झालंय असं कागद दाखवून सांगितलं की कपाळावर आठ्या. वतनाच्या भांडणात आपल्या पूर्वजाने खोटा कागद केला होता, असं निवाड्यातच लिहिलेलं असेल तर तो निवाडा छापू नका म्हणून घरी माणसं येतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. हे काम करणारा गावातच राहतो, त्याच लोकांच्या लग्नाकार्यात जातो, त्यांच्याकडूनच पुढचा कागद मिळायचा असतो. तरी जो नोंद आहे तशी ठेवतो, तो फार मोठं काम करतो. बाहेरून येऊन प्रबंध लिहून जाणाऱ्या अभ्यासकाला ही किंमत मोजावी लागत नाही.

पण या मंडळींकडूनही माझी एक मागणी आहे. कागद ज्यांच्याकडे होता त्यांचाच इतिहास राहतो. देशमुख, पाटील, कुलकर्णी, सावकार, देवस्थान. ज्यांच्याकडे सनद नव्हती, वाडा नव्हता, ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांचं काय? बायकांचं काय? महजरावरच्या निशाण्यांत पुरुषांचीच अवजारं आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावी जाऊन जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यात सासर आहे, दुष्काळ आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे आणि आंबेडकरही आहेत. एकही सरकारी दप्तर हे सांगू शकणार नाही. म्हणून गावच्या इतिहासवाल्याने आता रुमालांबरोबर रेकॉर्डरही काढला पाहिजे. फोनमध्ये आहेच तो.

आणि हे काम थांबणारं नाही. उजनीचं पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ वर येतं, लोक फोटो काढायला जातात. देऊळ दगडाचं म्हणून टिकलं. त्याच्याभोवतीच्या गल्ल्या, कुणाचं घर कुणाला लागून होतं, बाजार कुठे भरायचा, हे फक्त तिथून उठवलेल्या माणसांच्या डोक्यात आहे. धरण भरून चाळीसहून जास्त वर्षं झाली. तेव्हा जे तीस वर्षांचे होते ते आज सत्तरी ओलांडलेले आहेत. लातूर-धाराशिवकडे 1993 च्या भूकंपानंतर नव्या जागी वसलेल्या गावांचंही तेच. जुन्या गावाचा नकाशा आजी-आजोबांकडून काढून घ्यायला फार वर्षं हातात नाहीत.

मला खरी काळजी आहे ती या जपणाऱ्यांच्या मागे काय होतं याची. सर ऐंशीच्या पुढे आहेत. मुलं बाहेरगावी, फ्लॅटमध्ये. दोन लोखंडी कपाटं, वह्या, ठसे, काही शे फोटो, आणि प्रत्येक कागदाचा ठावठिकाणा लिहिलेली ती नोंदवही. घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्याकडे जागा नाही. असे संग्रह तेराव्यानंतर वजनावर गेलेले मी ऐकलेत, आणि काही जुन्या बाजारात पानापानाने विकले गेलेले पाहिलेत. पानापानाने विकलेला संग्रह वाचला असं मी म्हणणार नाही, कारण त्याची नोंदवही कुणी विकत घेत नाही.

यावर उपाय अवघड नाही. महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, तालुक्यातालुक्यात अनुदानित वाचनालयं आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं. संस्था टिकवता येतात हे आपण करून दाखवलंय. प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात किंवा नगरपालिकेत एक कोरडी खोली, दोन कपाटं आणि एक स्कॅनर, इतकंच मागणं आहे. मूळ कागद घरी ठेवायचा असेल तर ठेवू द्या, स्कॅन खोलीत राहील. स्वागत कमानींना आणि चौकातल्या दिव्यांना निधी मिळतो, तर यालाही मिळू शकतो. मागणारे हवेत.

तुमच्या गावात असं कुणी असेल तर या रविवारी त्यांच्याकडे जा. तास दोन तास बसा, त्यांची नोंदवही बघायला मागा आणि त्यांची परवानगी घेऊन तिच्या पानांचे फोटो काढा, पहिल्या पानापासून ओळीने, एकही पान न सोडता. कागदांचे फोटो पुढच्या रविवारी.