सिल्बरी टेकडी ही राजाची समाधी नव्हे : खुलासा

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातल्या सिल्बरी टेकडीत ‘सिल’ नावाचा राजा घोड्यासह पुरलेला आहे, टेकडीवर चढता येते आणि शेजारच्या एव्हबरी गावातील प्राचीन शिलावर्तुळाच्या दगडांना मात्र हात लावता येत नाही, असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यातील तिन्ही विधाने चुकीची आहेत.

राजाची गोष्ट ही निव्वळ दंतकथा आहे. इ.स.पू. 2400 च्या सुमारास रचलेल्या या मानवनिर्मित टेकडीत 1776 साली माथ्यावरून विवर खणले गेले, 1849 मध्ये आणि पुन्हा 1968 ते 1970 या काळात बाजूने बोगदे नेले गेले. तरीही एकही दफन सापडले नाही. उलट, 2000 साली ते जुने विवरच माथ्यावर खचले, आणि हा ठिसूळपणा लक्षात घेता तेथे चढण्यास मनाई आहे, हे योग्यच म्हणावे लागेल.

खरे दफनस्थळ पाहायचे असल्यास जवळच वेस्ट केनेट येथे सुमारे 100 मीटर लांबीचा मातीचा उंचवटा आहे. त्याच्या दगडी दालनांत किमान 36 जणांचे अवशेष मिळाले असून आत विनाशुल्क जाता येते. राहिला दगडांना हात लावण्याचा मुद्दा : दोरीपलीकडून पाहण्याचा नियम स्टोनहेंज या दुसऱ्या प्राचीन शिलावर्तुळाचा आहे. एव्हबरीत दगडांमधून फिरता येते, त्यांना स्पर्शही करता येतो.